बाई, मेल जाईना

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी कुणी न आणता जमतात, धूळ आणि किस्से. धूळ ग्यानबा रोज सकाळी झटकतो. किस्से कोण झटकणार? परवा भाचीच्या साखरपुड्यात मी एक सांगितला, तर बायका म्हणाल्या, अजून एक सांगा. एकातून दुसरा निघत गेला, पंगत बसली, वाढून झालं, तरी माझं चालूच. शेवटी बहीण म्हणाली, "अक्का, आता जेव, बाकीचे लिहून काढ." म्हणून लिहायला बसले.

आधी माणसं सांगते, थोडीच आहेत. आमची शिक्षणसंस्था लहान. पूर्णा, बोरी आणि सोनपेठ अशा तीन ठिकाणी तीन शाळा आणि पूर्णेत दोन खोल्यांचं ऑफिस. तिथे मी आवक-जावक लिपिक, म्हणजे येणारं पत्र आवक रजिस्टरात आणि जाणारं जावक रजिस्टरात चढवायचं. शिक्षण दहावी. माझे वरिष्ठ काझीसाहेब, मुख्य लिपिक. अक्षर असं की जन्मदाखल्याची नक्कल करून दिली तर लोक फ्रेम करून लावतील. ग्यानबा शिपाई. आणि सगळ्यांच्या वर संस्थेचे सचिव, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो.

गोष्ट सुरू झाली ती जूनमध्ये. वरून आदेश आला की यापुढे सगळा पत्रव्यवहार ईमेलने. त्यासाठी कॉम्प्युटरवर मेलचा एक प्रोग्राम बसवला. तो उघडला की मेल आपोआप खाली उतरतात, असं आम्हाला सांगितलं. पंधरा दिवसांनी परभणीला मीटिंग झाली आणि तिथे अण्णांना सगळ्यांसमोर विचारलं गेलं की तुम्हाला तीन मेल पाठवले, उत्तर का नाही. अण्णा तिथून तापूनच आले. चप्पलसुद्धा न काढता माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"बाई, दिवाळीपर्यंत मुदत. हे मेलचं काम सुरळीत झालं तर ठीक. न्हाई तर कॉम्प्युटर शिकलेला माणूस इथं बसवतो आन् तुमची सोनपेठला बदली करतो."

अण्णा वाईट नाहीत, पण बोलले की करतात. सोनपेठ म्हणजे आधी परभणी, मग दुसरी एसटी. सकाळी निघालं तर अंधार पडल्यावर घरी. माझ्या सासूबाईंना दिसत नाही. माझं घर ऑफिसपासून दहा मिनिटांवर, म्हणून रोज दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन मी त्यांना जेवू घालते. संध्याकाळी त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा बिनघोर. म्या भाकर चाचपडून खाईन." त्यांनी असं म्हटलं आणि मी ठरवलं की जायचं नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'मेल'.

*

पहिला प्रश्न पासवर्डचा.

प्रोग्राम उघडला की तो पासवर्ड विचारायचा. 'लक्षात ठेवू का?' असंही विचारायचा. काझीसाहेबांनी तिथे ठाम नकार दिला. मशीनलाच सांगून ठेवलं तर ते गुपित कसलं, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी परीक्षा केंद्रावर तीस वर्षं गोपनीय पाकिटं सांभाळलेली. त्याच पद्धतीने त्यांनी पासवर्ड कागदावर लिहिला, पाकिटात घातला, पाकिटाला लाखेचं सील मारलं आणि पाकीट कपाटात ठेवून किल्ली खिशात ठेवली.

मग रोज सकाळी तोच कार्यक्रम. कपाट उघडायचं, सील फोडायचं, चष्मा लावून पासवर्ड टाइप करायचा. मेणबत्तीवर लाख वितळवून पुन्हा सील. मेल उघडेपर्यंत पावणेअकरा वाजत आणि खोलीला उदबत्ती विझल्यासारखा वास येई.

एके दिवशी काझीसाहेब नांदेडला लग्नाला गेले. किल्ली त्यांच्या खिशात आणि त्यांचा फोन वरातीच्या गोंगाटात. इकडे अण्णांचा फोन की आत्ताच्या आत्ता मेल बघा. मी पाकिटाच्या कपाटाकडे बघत बसले. ग्यानबा खोली झाडत होता. झाडू न थांबवता त्याने सांगितलं, पहिलं अक्षर मोठं, मग चार बारकी, मग आकडे, मग ते गोल भोवऱ्यासारखं चिन्ह. मी टाइप केलं आणि मेल उघडला.

काझीसाहेब टाइप करताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचे. ग्यानबाने महिनाभर रोज ऐकलेलं.

परत आल्यावर काझीसाहेबांना मी खरं ते सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी पासवर्ड बदलला, नवं पाकीट केलं. दुसऱ्या सकाळी सील फोडण्याआधी ग्यानबाला बाहेर जायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि टाइप करायला बसले. अर्ध्यात दाराबाहेरून आवाज आला.

"साहेब, जरा हळू म्हणा. पानटपरीपर्यंत ऐकू यायलंय."

*

मग कधीकधी मेल यायचेच बंद व्हायचे. म्हणजे जिल्ह्याहून फोन यायचा की पाठवला आहे, आणि माझ्याकडे काही नाही. गंमत म्हणजे काही दिवस सगळे मेल यायचे आणि काही दिवस एकही नाही.

ऑफिसात दोन कॉम्प्युटर, एक माझा, एक काझीसाहेबांचा, आणि दोन्हींवर तोच प्रोग्राम. हळूहळू लक्षात आलं की ज्या दिवशी मला मेल येत नाहीत त्या दिवशी काझीसाहेबांना येतात. जो सकाळी आधी मशीन उघडेल त्याला सगळे मेल, दुसऱ्याला कोरं.

पासवर्ड आता मलाही ऐकून पाठ होता, त्यामुळे हे कळल्यावर आधी आमची शर्यतच लागली. मी दहाला यायचे, तर काझीसाहेब पावणेदहाला. मी साडेनऊला आले, तर ते नाश्ता न करता हजर. सासूबाई विचारू लागल्या की सकाळी एवढ्या घाईने काय पळतेस. शेवटी काझीसाहेबांनीच तोडगा काढला. सोमवार, बुधवार, शुक्रवारचे मेल माझे, बाकी दिवसांचे त्यांचे. महिनाभर हे वेळापत्रक चाललं. जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला तर आम्ही विचारायचो, कोणत्या वारी पाठवला?

मग परभणीहून वसंतराव आले. हे कॉम्प्युटर दुरुस्त करतात, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. अजूनही कॉम्प्युटरला कान लावून ऐकतात. त्यांनी आमचं वेळापत्रक शांतपणे ऐकून घेतलं. मग सेटिंगमधला एक चौकोन दाखवला. मेल खाली उतरवला की वरची प्रत पुसून टाकायची की ठेवायची, असा तो चौकोन होता. आमच्या दोन्ही मशीनवर 'पुसून टाका' होतं. त्यांनी 'ठेवा' केलं आणि बजावलं की आता वर प्रती साठत जातील, अधूनमधून झाडलोट करा. मी वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून दोघांनाही सगळे मेल. आठवडाभराने मी आवक रजिस्टर चाळलं तर एकाच पत्राला दोन नंबर. सोळा पत्रं आली होती आणि रजिस्टरात बत्तीस. मी माझी चढवत होते, काझीसाहेब त्यांची.

मी त्यांना म्हटलं, एकानेच चढवूया. ते म्हणाले, "चढवलेलं खोडता येत नाही, शोभाबाई. रजिस्टर आहे ते. आता त्यातली सोळा पत्रं आपणच परत पाठवलेली दाखवा."

*

पाठवायचं म्हटलं तर तिथे वेगळाच घोळ.

आमच्याकडे पत्राची रीत ठरलेली. मी मसुदा करायचा, काझीसाहेबांपुढे ठेवायचा, त्यांनी वाचून वर 'मान्य' लिहून सही करायची, मग पत्र जायचं. मेलच्या प्रोग्राममध्ये मला मसुद्याचा एक कप्पा सापडला आणि फार बरं वाटलं. म्हटलं, या मशीनलाही ऑफिसची रीत माहीत आहे. मी पत्र लिहून त्या कप्प्यात ठेवायची, काझीसाहेबांना सांगायची आणि जेवायला घरी जायची. ते माझ्या खुर्चीवर बसून वाचायचे. मी परत येऊन विचारायची, झालं का? ते म्हणायचे, झालं. मी जावक रजिस्टरात नंबर टाकायची.

अशी अकरा पत्रं गेली. रजिस्टरात गेली.

बारावं पत्र बोरीच्या शाळेबद्दल होतं. दहावीचं परीक्षा केंद्र बोरीलाच राहावं, पोरींना जिंतूरला जावं लागू नये, असा विनंतीअर्ज. चार दिवसांनी बोरीच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला की पत्र वर पोचलंच नाही. मी रजिस्टर काढून नंबर सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नंबर सांगितला. मग मला शंका आली म्हणून तो मसुद्याचा कप्पा उघडला. बाराच्या बारा पत्रं ओळीने बसलेली.

काझीसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले की मान्यता देणं माझं काम, पाठवणं तुमचं. आणि मी समजत होते की 'झालं' म्हणजे पाठवलं. चूक दोघांची, म्हणून कुणी कुणावर रागावलं नाही. मी देवाचं नाव घेतलं आणि एकापाठोपाठ एक बारा पत्रं पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुमचा अर्ज पोचला, मुदतीत पोचला, केंद्राचं होऊन जाईल. फक्त एक विचारायचं होतं.

"आमच्या साहेबांनी अर्ज अजून बघितलाही नाही, आणि त्याच्यावर आधीच 'मान्य' कोणी लिहिलंय?"

*

पावसाळ्यात लाइट जायची आणि लाइट आली की माझं मशीन वीस-बावीस वर्षं मागे जायचं. घड्याळाची आतली बॅटरी संपली होती, हे नंतर वसंतरावांनी सांगितलं. तोवर आम्हाला एवढंच दिसायचं की कोपऱ्यातली तारीख चुकीची आहे. ग्यानबाला ती आवडायची. त्या साली त्याचं लग्न झालेलं.

त्या तारखेने आमच्याकडून एक पटसंख्येचा तक्ता जिल्ह्याच्या एका कार्यालयात गेला. तिकडे मेल तारखेप्रमाणे लागतात, त्यामुळे आमचा मेल सगळ्यात तळाशी जाऊन बसला. आठवड्याने कुणाला तरी सापडला. त्या कार्यालयाने जे पत्र पाठवलं ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे. 'आपले पत्र बावीस वर्षे विलंबाने प्राप्त झाले आहे. विलंबाबाबत लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

मी घाबरले. दिवाळी दोन महिन्यांवर, त्यात हे अण्णांच्या कानावर गेलं तर सोनपेठच. मी म्हटलं, फोन करून बॅटरीचं सांगूया. काझीसाहेबांनी हात वर करून थांबवलं. लेखी मागितलं आहे तर लेखीच द्यायचं. त्यांनी दौत उघडली, म्हणजे खरोखर उघडली, आधी कागदावर लिहिलं, मग मी टाइप केलं. एकच ओळ होती.

'सदर कालावधीत या कार्यालयात संगणक उपलब्ध नव्हता, सबब विलंब झाला.'

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'खुलासा मान्य.'

*

सप्टेंबरमध्ये मला वाटू लागलं की जमलं. वही अर्धी भरली होती. बोरीच्या शाळेत मेल अडला तर तिथल्या बाई मलाच फोन करायच्या आणि मी इथून सांगायची, डावीकडे वर बघा, आता तिथे दाबा. अण्णा येता-जाता विचारायचे, चालायलंय का? मी म्हणायची, चालायलंय.

तेवढ्यात शिष्यवृत्तीच्या याद्यांबद्दल फोन आला की दोन स्मरणपत्रं पाठवूनही तुमची यादी नाही. उद्या शेवटचा दिवस. मी सगळे कप्पे शोधले. वसंतरावांना फोन लावला. ते म्हणाले, कचऱ्याचा कप्पा बघा. तिथे बघितलं तर दोन्ही स्मरणपत्रं तर होतीच, शिवाय जूनपासूनची आणखी बरीच सरकारी पत्रं.

वसंतरावांनी फोनवर समजावलं. प्रोग्रामला एक चाळणी असते. आज करा, ताबडतोब करा, शेवटची संधी, असा आरडाओरडा करणारा मेल दिसला की तिला वाटतं हा लॉटरीवाला आहे आणि ती त्याला कचऱ्यात टाकते. आमच्या पत्रांवर तर वरतीच जाड अक्षरात 'अत्यंत तातडीचे' लिहिलेलं असतं.

मी हे काझीसाहेबांना सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी चष्मा काढून मशीनकडे जरा आदराने बघितलं.

"मशीन अनुभवी आहे, शोभाबाई. मी तीस वर्षं हेच करतोय."

दुपारी घरी गेले नाही त्या दिवशी. ग्यानबाला पाठवलं, तो सासूबाईंना जेवू घालून आला. तीनही शाळांची यादी मी संध्याकाळी पाच वाजता पाठवली आणि पोचल्याचा फोनही घेतला. ग्यानबा म्हणाला, "ताई, आजी लय चौकस हाय. इचारत व्हती, मेल कशानं बिघडतो. म्या सांगितलं, लाइटनं, पावसानं आन् माणसानं."

*

आणि मग दिवाळी आली.

सुट्टीत कुणी मेल पाठवला तर त्याला उत्तर जावं म्हणून मी एक नियम लावून ठेवला. मेल आला की प्रोग्राम आपोआप कळवेल, 'आपले पत्र मिळाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर उत्तर देऊ. आपणास दीपावलीच्या शुभेच्छा.' हे मला इतकं आवडलं की बोरीच्या बाईंनाही फोनवरून लावून दिलं. शब्द त्यांचे, पण रीत माझी.

हा नियम मशीन चालू असलं तरच चालतो. पण ती काळजी नव्हती. लक्ष्मीपूजनाला ग्यानबाने दोन्ही कॉम्प्युटरना हळदी-कुंकू लावलं, पुढे झेंडूची फुलं ठेवली आणि पूजेतलं मशीन बंद करायचं नसतं म्हणून चालूच ठेवून कुलूप लावलं. बोरीतही तेच झालं. लाइटही त्या आठवड्यात अशी राहिली की जशी कधी राहत नाही.

जाता जाता बोरीच्या बाईंनी आम्हाला शुभेच्छांचा एक मेल पाठवला. आमच्या मशीनने आभार मानून शुभेच्छा दिल्या. तो मेल बोरीला पोचला. बोरीच्या मशीनने आमचे आभार मानले. मग आमच्या मशीनने त्यांचे.

सुट्टी संपवून आम्ही कुलूप उघडलं तेव्हा झेंडू सुकून गेला होता आणि मशीन अजून शुभेच्छा देत होतं. वरचा साठा गच्च भरलेला. झाडलोट करायची वसंतरावांची सूचना वहीत होती, मी ती सुट्टीच्या नादात विसरले होते. सुट्टीत ज्या-ज्या कुणी मेल पाठवला त्याला तो परत गेला, जागा नाही म्हणून. त्यात एक मेल अण्णांचा होता.

काझीसाहेबांनी तो ढीग बराच वेळ वर-खाली करून बघितला. ते एवढंच म्हणाले, "चार हजार पत्रं आणि एकदाही कुणी कुणाला उलटून बोललं नाही. असं दफ्तर मी पाहिलं नाही."

मला हसू आलं नाही. दिवाळीची मुदत होती आणि दिवाळी संपली होती. मी दिवसभर बसून साठा रिकामा केला, नियम काढून टाकला, बोरीच्या बाईंकडूनही काढवून घेतला. अण्णा आले, उभ्या-उभ्या सगळं बघितलं, आल्या पावली परत गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. घरी गेल्यावर सासूबाईंच्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या नेहमी त्याच जागी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे पुढे त्यांच्या हाताला लागेल.

*

तीन दिवसांनी दुपारी अण्णांचा फोन आला. "बाई, घरी या जरा. माझा मेल जाईना."

अण्णांच्या घरी कॉम्प्युटर आहे, त्यावरही हाच प्रोग्राम. मी वही घेऊन गेले. काकूंनी चहा आणि उरलेल्या चकल्या दिल्या. अण्णा शेजारच्या खुर्चीवर पेपर धरून बसले. म्हणाले, सकाळपासून दाबायलोय, नुसतं गोल फिरायलंय.

मी जाणाऱ्या मेलचा कप्पा उघडला. दोन मेल अडकलेले. पहिल्यात अण्णांच्या शेतातल्या नव्या बोअरचा व्हिडिओ होता, पाणी लागलं तो, पुण्याच्या मुलाला पाठवलेला. फार मोठा. तो दारात अडकून बसला होता, म्हणून मागच्याला वाट नव्हती. मागचा मेल आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर होता. विषय असा होता, 'श्रीमती शोभा यांची सोनपेठ शाळेत बदली'.

मी हात खाली घेतले. पेपरचं पान उलटलं गेलं नाही बराच वेळ.

"अण्णा," मी म्हटलं, "पुढचा मेल फार जड आहे. तो बाजूला काढला की मागचा लगेच जाईल. काढू का?"

"मागचा वाचला का?"

"विषय वाचला."

"मग?"

"ऑफिसचं पत्र आहे, अण्णा. ते जायलाच पाहिजे."

मी व्हिडिओ मसुद्यात नेऊन ठेवला आणि पाठवायचं बटण दाबलं. दोन सेकंदात मेल गेला. काकूंना नमस्कार केला, चकली पदरात बांधली आणि ऑफिसला चालत आले.

तोवर पत्र पोचलेलं होतं. व्यवस्थित पोचलं, हे बघून मला आधी बरंच वाटलं. मग मी त्याची प्रिंट काढली, आवकचा शिक्का मारला, नंबर टाकला. काझीसाहेबांनी वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि चष्मा परत पुसला. ग्यानबाला वाचून दाखवावं लागलं नाही. तो दारातच बसून राहिला.

आमच्याकडे आलेला प्रत्येक कागद अण्णांच्या शेऱ्याशिवाय पुढे सरकत नाही, मग तो अण्णांनी स्वतः पाठवलेला का असेना. शेरे दोनच. एक म्हणजे 'कार्यवाही करावी', की लगेच आदेश निघतो. दुसरा 'दप्तरी दाखल', म्हणजे कागद फायलीला लावायचा आणि विषय मिटला. मी पत्र बाकीच्या टपालासोबत लाल फायलीत घातलं आणि ग्यानबा सायकलवर ती घेऊन अण्णांकडे गेला. मी टेबलाचा खण आवरत बसले. वही पिशवीत ठेवावी की नव्या माणसासाठी इथेच सोडावी, ते ठरेना.

साडेपाचला ग्यानबा आला. फायल माझ्यापुढे न ठेवता त्याने काझीसाहेबांपुढे ठेवली. काझीसाहेबांनी माझं पत्र वर काढलं. समासात अण्णांच्या हिरव्या शाईत लिहिलेलं होतं. ते त्यांनी पासवर्डसारखं एकेक अक्षर न म्हणता, सलग वाचलं.

"पत्र मिळाले. दप्तरी दाखल करावे. बोअरचा व्हिडिओ अजून गेलेला नाही, सबब बाईंना उद्या सकाळी पाठवावे. अत्यंत तातडीचे."